ती पलंगाखालून बाहेर येत नाही

एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात देते.

त्यांच्या घरी पाच वर्षांची कुत्री आहे. अगदी लहान असताना ती रस्त्यावर सापडली आणि तेव्हापासूनच बुजरी आहे. अनोळखी माणूस आला की सोफ्यामागे जाणार, ढग गडगडले की बाथरूममध्ये. दोन महिन्यांपूर्वी फिरायला नेलेलं असताना पट्टा हातातून सुटला, ती रस्त्यावर धावली आणि गाडीची धडक बसली. पुढच्या उजव्या पायाच्या नसा मुळापासून तुटल्या. पाय लुळा पडला, पंजा फरफटून जखमा होऊ लागल्या. पाच आठवड्यांपूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने तो पाय खांद्यापासून काढला. दुसऱ्याच दिवशी ती उभी राहिली, चौथ्या दिवशी अंगणात फिरून आली. बाराव्या दिवशी टाके काढले, गोळ्याही संपल्या. आणि मग आठवडाभरात सगळं उलटं झालं.

आता ती दिवसभर पलंगाखाली असते. जेवणही तिथेच द्यावं लागतं. रात्री सारखी उठते, जागा बदलते, धापा टाकते, कधी झोपेतून एकदम केकाटून उठते. बाहेरच्या खोलीच्या दारापर्यंत येते, थरथरते आणि मागे फिरते. उचलायला गेलं की गुरगुरते. एकदा हाताला दात लागले, पण जखम झाली नाही. वाचक लिहितात, "ती पायासाठी झुरते आहे. माझ्याकडे बघते तेव्हा डोळ्यांत तक्रार दिसते. नवरा म्हणतो, आपण आपल्या समाधानासाठी तिचा पाय कापला, तेव्हाच तिला शांतपणे जाऊ द्यायला हवं होतं. मी तिला क्षणभर एकटं सोडत नाही, सगळीकडे उचलून नेते, रात्री तिच्याशेजारी जमिनीवर झोपते. तरी ती माझ्यापासूनच लांब जाते. बहीण म्हणते, सोबतीला दुसरं पिल्लू आणा. कृत्रिम पाय बसवता येईल का? आमचं चुकलं का?"

तुमच्या प्रश्नांकडे वळण्याआधी एक काम सांगते. ते याच आठवड्यात करा. तिला पुन्हा डॉक्टरांकडे न्या आणि तिथे "ती उदास असते" असं म्हणू नका. "तिला दुखतंय असं मला वाटतं" असं म्हणा.

असं का म्हणते, ते तुमच्याच पत्रात आहे. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी जी अंगणात फिरली, ती तीन आठवड्यांनी पलंगाखाली गेली. मधल्या काळात काय बदललं? पाय तर आधीच गेला होता. बदललं ते हे की वेदनाशामक गोळ्या बंद झाल्या. त्यानंतर रात्रीची अस्वस्थता, सारखी जागा बदलणं, गारवा असतानाही धापा टाकणं, झोपेतून दचकून केकाटणं, उचललं की गुरगुरणं सुरू झालं. हे सगळं "झुरणं" या एका शब्दात मावतं, म्हणून तुम्हाला ते दुःख वाटलं. मला ते वाचताना आधी ठणका दिसला. मी तिला तपासलेलं नाही, त्यामुळे निदान करत नाही. पण दुखणं नाही हे तपासून नक्की होईपर्यंत तिच्या वागण्याचा दुसरा कोणताही अर्थ लावू नका, असं मी आग्रहाने सांगेन.

दुखण्याच्या शक्यता एकाहून जास्त आहेत. जखम वरून भरली तरी आत पाणी साठलेलं असू शकतं. तिच्या बाबतीत नसा मुळापासून तुटल्या होत्या, आणि अशा इजेत पाय काढल्यानंतरही नसांचं दुखणं मागे राहू शकतं. माणसांना गेलेल्या अवयवात कळा येतात हे आपण ऐकलेलं असतं. कुत्र्यांमध्येही तसं होत असावं, असं पशुवैद्य मानतात. शांत बसलेली असताना एकदम ओरडणं, व्रणाच्या बाजूला झटकन वळून बघणं, तिथली कातडी थरथरणं या त्याच्या खुणा. नसांच्या दुखण्यावर नेहमीच्या वेदनाशामकांचा पुरेसा उपयोग होत नाही. त्यासाठी गॅबापेंटिन किंवा अमँटाडीनसारखी वेगळी औषधं डॉक्टर देतात.

तिसरी शक्यता सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. चार पायांवर उभ्या असलेल्या कुत्र्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. तुमच्या पोरीचा त्यातला एक पाय गेला. उरलेला पाय आता छातीच्या मध्यावर येऊन सगळा भार पेलतो आहे, आणि प्रत्येक उडीला ती मान वर फेकून तोल सावरते आहे. त्यामुळे मान, डावा खांदा आणि पाठ यांचे स्नायू आखडतात. कुत्र्याचा व्रण उत्तम भरलेला असतो, डॉक्टर तो बघून समाधानाने मान हलवतात, आणि दुखत असते ती मान. म्हणून मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवून तपासायला सांगा, उरलेल्या पायाच्या मनगटासकट.

जाताना मोबाइलवर व्हिडिओ घेऊन जा: रात्रीची तळमळ, दारापाशी थबकणं, चालणं, झोपण्याआधीच्या घिरट्या. बुजरी कुत्री दवाखान्यात भीतीने इतकी ताठरतात की दुखणं लपून जातं. तपासणीत काही सापडलं नाही तरी "दोनेक आठवडे वेदनाशामक देऊन बघूया का?" असं विचारा. ही पशुवैद्यकातली मान्य पद्धत आहे. औषधाने वागणं बदललं तर तेच उत्तर. घरातल्या माणसांच्या गोळ्या मात्र तिला कधीही देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण करतात, मूत्रपिंडं निकामी करू शकतात. पॅरासिटामॉलही स्वतःच्या अंदाजाने देण्याचं औषध नव्हे.

दुखणं आणि भीती यांचं नातं फार जवळचं आहे. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या आणि ब्राझीलमधल्या संशोधकांनी आवाजाला घाबरणाऱ्या २० कुत्र्यांचा अभ्यास केला. त्यातल्या १० कुत्र्यांना स्नायूंचं किंवा सांध्यांचं दुखणंही होतं. त्यांच्यात भीती उशिरा, वय वाढल्यावर सुरू झालेली होती आणि ती एका आवाजापुरती न राहता आजूबाजूच्या जागांवर, इतर कुत्र्यांवर पसरलेली होती. संशोधकांनी मांडलेला तर्क सोपा आहे. आवाज झाला की अंग दचकून ताठ होतं. जिथे आधीच दुखतं तिथे कळ येते. मग आवाज, ती जागा आणि कळ यांची मनात गाठ बसते. तुमच्याकडे बाहेरच्या खोलीचं दार अशीच गाठ बसलेली जागा असू शकेल. तिथे ती कधी घसरली होती का, आठवून बघा.

आता तुमच्या मनातलं पहिलं गृहीत. ती पायासाठी झुरते आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. कुत्र्याला दुःख होत नाही असं मी म्हणणार नाही. घरातलं माणूस किंवा सोबतचं कुत्रं गेलं की कुत्री जेवण सोडतात, हे अनेकांनी पाहिलेलं आहे. पण आपण पूर्वी कशा होतो, आता कशा दिसतो, लोक काय म्हणतील, हा हिशेब कुत्रं मांडत असेल असं मानायला काहीही आधार नाही. तो हिशेब आपण मांडतो. आणि तुमच्या बाबतीत तर गेलेला पाय आधीच काही आठवडे लुळा होता. ती तो ओझ्यासारखा ओढत होती.

पाय काढलेल्या कुत्र्यांच्या पालकांना विचारून केलेला एक अमेरिकी अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ६४ पालकांपैकी ५८ जणांना कुत्र्याच्या स्वभावात बदल जाणवला नव्हता. ५६ जण म्हणाले की कुत्र्याचं आयुष्य पूर्वीसारखं किंवा जवळजवळ पूर्वीसारखं झालं. ५० जणांना कुत्रं अपेक्षेपेक्षा चांगलं सावरलं असं वाटलं. हे आकडे धीर देतात, पण ते पालकांच्या नजरेतले आहेत हे लक्षात ठेवा, आणि उरलेली सहा-आठ कुत्रीही खरीच होती. तुमची पोर आज त्या बाजूला आहे. तिला इतरांसारखं "आता जमायला हवं" असं म्हणून चालणार नाही. ती आधीपासून भित्री आहे, म्हणून तिला लागणारी मदत वेगळी आहे.

भित्र्या कुत्र्याचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे पळून जाता येणं. पाहुणे आले की ती सोफ्यामागे जायची, ढग गडगडले की बाथरूम गाठायची. तो तिचा स्वतःला सांभाळायचा मार्ग होता आणि आयुष्यभर तो चालला. आता तिला झटकन वळता येत नाही, गुळगुळीत फरशीवर वेग घेता येत नाही, उजवीकडून कोणी आलं तर त्या बाजूला टेकायला पाय नाही. मग ती दोनच गोष्टी करू शकते. जिथे कोणी पोचणार नाही अशा जागी आधीच जाऊन बसायचं, आणि तिथेही कोणी आलंच तर गुरगुरायचं. तुम्हाला स्वभाव बिघडला असं वाटतं आहे. मला तर ती जमेल त्या एकमेव भाषेत "थांब" म्हणताना दिसते. त्या गुरगुरण्यावर तिला कधीही रागावू नका. गुरगुरणं दाबलं की कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावतं.

हे मान्य केलंत तर तुमच्याबद्दलची तिची तक्रारही वेगळी दिसेल. तुम्ही तिला सगळीकडे उचलून नेता. तुमच्या बाजूने ती माया आहे. तिच्या बाजूने बघा: वरून दोन हात येतात, दुखऱ्या बाजूला दाब पडतो, पाय जमिनीवरून सुटतात, आणि ती जिथे जायला घाबरते नेमक्या तिथेच तिला ठेवलं जातं. दिवसातून अनेकदा. त्यामुळे तुम्ही जवळ आलात की पुढे काय होणार, याची तिला धास्ती आहे. तिला तुमचा राग आलेला नाही. तेव्हा उचलणं बंद करा. अगदीच उचलावं लागलं, तर आधी एक ठरावीक शब्द बोला, खाली बसा, एक हात छातीखाली डाव्या बाजूने आणि दुसरा मागच्या पायांखाली घ्या, आणि व्रणावर दाब येऊ देऊ नका.

उचलायचं नाही तर बाहेर न्यायचं कसं? इथे फरशीचा विषय येतो. घरातल्या गुळगुळीत फरशीवर तीन पायांचं कुत्रं प्रत्येक पावलाला तोल शोधत असतं. पलंगापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, तिथून बाहेरच्या दारापर्यंत सलग पट्टा होईल अशा रबरी चटया किंवा योगा मॅट अंथरा. मध्ये फटी नकोत; दोन चटयांमधली हातभर उघडी फरशी तिला ओलांडता येणार नाही, आणि दारापाशी ती थबकते त्याचं कारण बहुधा तसलंच काही असेल. चटई स्वतःच सरकत असेल तर ती नसलेलीच बरी. नखं कापा, पंज्याच्या गाद्यांमधले केस कातरा. पाण्याचं आणि जेवणाचं भांडं छातीच्या उंचीला ठेवा. मान खाली घालून खाताना सगळा भार त्या एकट्या पायावर जातो. पायऱ्या उतरताना तिला खास धोका आहे, चढताना कमी. तिथे सोबत राहा किंवा आडोसा लावा.

गळ्यातला पट्टा बाजूला ठेवा आणि पाठीवर मूठ असलेलं, छातीला रुंद आधार देणारं हार्नेस घ्या. व्रणावर घासणारं नको. त्या मुठीला हलका आधार दिला की ती स्वतःच्या पायांनी जाते, आणि स्वतःच्या पायांनी जाणं हेच तर तिला परत द्यायचं आहे. पट्टा एकदा हातातून सुटलेला आहे, म्हणून तुम्हालाही हार्नेसने निर्धास्त वाटेल. चालताना ती लंगडी घातल्यासारखी उड्या मारत जाईल. तिला "हळू, हळू" म्हणून रोखू नका, तीन पायांवर सावकाश चालणं थोड्या वेगाने चालण्यापेक्षा अवघड असतं. नुसतं उभं राहणंही कष्टाचं असतं. म्हणून फेऱ्या आखूड ठेवा, दिवसातून जास्त वेळा करा, आणि ती बसली की बसू द्या.

आता पलंगाखालची जागा. तिथून तिला ओढून काढू नका, आमिष दाखवून फसवूही नका. खाऊ दाखवून बाहेर आणायचं आणि मग धरायचं, हे एकदा केलं तरी तो खाऊ कायमचा संशयास्पद होतो. उलट ती जागा चांगली करा: खाली जाड गादी, जवळ पाणी, गरज असेल तर थोड्या अंतरावर शूचे पॅड. घरातल्या सगळ्यांना सांगा, ती तिथे असताना कोणीही वाकून बघायचं नाही, हात घालायचा नाही. तुम्ही रात्री तिच्याशेजारी झोपता, ते ती स्वतः जवळ येत असेल तर चालू ठेवा. ती पलीकडे सरकत असेल तर तुम्हीही तुमच्या अंथरुणावर जा आणि दोघी नीट झोपा.

मग खाऊचे तुकडे पलंगाच्या कडेशी टाका आणि तिथून निघून जा. निघून जाणं महत्त्वाचं आहे. ती कडेला येऊन खाऊ लागली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वीतभर पुढे, चटईवर. काही दिवसांनी तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठमोऱ्या, पुस्तक घेऊन बसा. ती आली तर आली. नाकाने हुंगत खाऊ शोधणं आणि चाटत राहणं यांनी कुत्र्याचं मन निवतं, म्हणून जेवणाचा काही भाग चटईवर विखरून द्या. पुढच्या पंज्यांनी काही धरून चावणं तिला आता अवघड आहे, तेव्हा तसली खेळणी देऊन तिला चिडीला आणू नका. बाहेरच्या दाराशी पोचाल तेव्हा नियम एकच: ती खाऊ घेत नसेल किंवा घाईने हिसकावून घेत असेल तर तुम्ही फार पुढे गेलात. दोन हात मागे या. एखाद्या दिवशी काहीच पुढे जाणार नाही. तो दिवस तसाच जाऊ द्या.

हात लावण्याचीही अशीच रीत ठेवा. हात तिच्यापासून थोडा लांब, खाली धरा. ती येऊन नाक लावेल तर डाव्या बाजूने मानेखाली दोन-तीन सेकंद खाजवा आणि थांबा. ती अंग पुढे करते का? पुन्हा खाजवा. मान वळवते, ओठ चाटते, स्तब्ध होते? मग पुरे. नकार दिला की तो पाळला जातो, हे भित्र्या कुत्र्याला कळलं की ते हळूहळू जास्त वेळा होकार देतं. व्रणाला लगेच हात लावायची घाई नको.

"घाबरल्यावर जवळ घेतलं तर भीती वाढते का?" असं तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढे कोणीतरी तुम्हाला हे ऐकवणारच, म्हणून सांगते. भीती ही भावना आहे. शाबासकी मिळाली म्हणून ती वाढत नाही. ढग गडगडताना ती तुमच्या मांडीशी आली तर तिला खुशाल जवळ घ्या. फक्त येणं तिच्या बाजूने असू द्या.

दुखणं आटोक्यात आलं, फरशी नीट झाली, तरी भीती हटत नसेल तर भीतीवरच्या औषधांबद्दल डॉक्टरांशी बोला. अनेकांना हे ऐकून अपराधी वाटतं, जणू कुत्र्याला गुंगीत ठेवायचं आहे. तसं नाही. फ्लुऑक्सेटिनसारखं रोजचं औषध चार ते सहा आठवड्यांत परिणाम दाखवतं आणि शिकण्याइतकं मन शांत करतं. ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिन दवाखान्यात नेण्याआधी, प्रसंगापुरतं दिलं जातं. याउलट असेप्रोमाझिनसारखं औषध एकटं दिलं तर शरीर सुस्त होतं, भीती मात्र आत तशीच राहते. आणि एक मोठी काळजी घ्या: दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल चालू असेल आणि त्यात फ्लुऑक्सेटिन किंवा ट्रॅझोडोन मिसळलं, तर एकत्र परिणाम धोकादायक होऊ शकतो. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि वागणुकीसाठी बघणारे डॉक्टर वेगळे असतील तर दोघांनाही सगळ्या औषधांची यादी दाखवा.

पाहुण्यांना काही आठवडे येऊ न देणं ठीक आहे, पण कायमचं नको. कोणी आलंच तर तिच्याकडे बघू नये, "बिचारी" म्हणत वाकू नये. फिरताना इतर कुत्र्यांना उजव्या बाजूने अंगावर येऊ देऊ नका. एका धक्क्याने ती कोसळेल आणि कित्येक दिवसांची मेहनत वाया जाईल.

दुसरं पिल्लू आत्ता अजिबात आणू नका. पिल्लू अंगावर उड्या मारतं, जेवणात तोंड घालतं, आणि तिला पळता येत नाही. वर्षभराने, ती सावरल्यावर, तुम्हाला स्वतःला हवं असेल तर विचार करा. कृत्रिम पायाचं म्हणाल, तर तो बसवायला खाली पायाचा काही भाग उरलेला असावा लागतो. तिचा पाय खांद्यापासून काढलेला असल्याने तो पर्याय उरत नाही, आणि त्याची हळहळही नको, कारण बहुतेक कुत्री त्याशिवाय चांगली चालतात. त्याऐवजी पशुवैद्यकातल्या फिजिओथेरपीचा सल्ला घ्या. आखडलेल्या मानेला आणि खांद्याला हलका मसाज, तोल सावरण्याचे छोटे व्यायाम घरी करता येतात. पाण्यातला व्यायामही चांगला, पण तिला पाणी किंवा तिथली माणसं भीतिदायक वाटत असतील तर त्याची घाई करायची नाही. आणि वजन वाढू देऊ नका. वर सांगितलेल्या २०१५ च्या अभ्यासात जास्त वजनाच्या कुत्र्यांचं नंतरचं आयुष्य तुलनेने कमी सुखाचं दिसलं. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागायला हव्यात. खाऊ चालू आहे तेवढं जेवण कमी करा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. पट्टा सुटला हा अपघात होता. त्यानंतर तुमच्यासमोर एक लुळा, जाणीव नसलेला, रोज घासून रक्ताळणारा पाय होता, जो परत कधीच चालणार नव्हता. तो काढणं हा उपचार होता, आणि पाच वर्षांच्या, एरवी धडधाकट कुत्रीसाठी कोणत्याही चांगल्या डॉक्टरांनी तोच सुचवला असता. तुमच्या यजमानांना मी दोष देत नाही. रोज संध्याकाळी घरी येऊन थरथरणारं जनावर बघणं कठीण असतं, आणि "सोडायला हवं होतं" हे वाक्य पुष्कळदा "हे मला बघवत नाही" या अर्थानेच येतं. त्यांना वादाऐवजी काम द्या. चटया त्यांनी अंथराव्यात, रात्रीचे व्हिडिओ त्यांनी काढावेत. त्यांचा मूळ प्रश्न मात्र उडवून लावू नका. तिच्या आयुष्यात सुख किती आहे, हा प्रश्न योग्य आहे. पाचव्या आठवड्यात, दुखण्यावर उपचार झालेले नसताना, त्याचं उत्तर देता येणार नाही एवढंच.

ते उत्तर शोधायला दोघांनी मिळून एक वही करा. रोज चार ओळी: स्वतःहून किती वेळा बाहेर आली, जेवली का, रात्री किती झोपली, कशात रस घेतला. औषध सुरू झाल्यापासून दोन-तीन महिने लिहा आणि आठवड्यांची तुलना करा. एखादा वाईट दिवस मोजू नका. चांगले उपचार, योग्य फरशी, भीतीवरचं औषध, एवढं सगळं करूनही वही रिकामीच राहिली, तर डॉक्टरांसमोर बसून पुढचं बोला. तेव्हा तो निर्णय घाबरून घेतलेला नसेल. व्रण लाल, गरम झाला, त्यातून पू आला, तिने खाणं-पिणं सोडलं किंवा उरलेल्या पायावर भार टाकेनाशी झाली, तर मात्र वहीची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ज्यांच्या कुत्र्याची अशी शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी थोडं. हाताशी काही दिवस असतील तर चटया आधीच अंथरा आणि कुत्र्याला त्यांच्यावर चालू द्या. हार्नेस आणि जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालायचा शंकू, दोन्ही खाऊसोबत थोडं थोडं घालून सवय करा. शंकूने बावचळणाऱ्या कुत्र्यासाठी जखम झाकणारा अंगरखा चालेल का, ते विचारून ठेवा, कारण टाके निघेपर्यंत १० ते १४ दिवस काढायचे असतात. घरी आणल्यावर पहिले काही दिवस व्रणाभोवती काळंनिळं पडतं, सूज येते. आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही. मागचा पाय जाणार असेल तर पायऱ्या चढणं अवघड जातं, आणि त्या बाजूचा कान त्याला स्वतः खाजवता येत नाही, तो तुम्ही खाजवायचा. हाडाच्या कर्करोगामुळे पाय काढायचा असेल तर सावरण्याची रीत हीच, पण पुढचा काळ वेगळा असतो. त्याबद्दल डॉक्टरांशी आधीच मोकळं बोला. आणि दवाखान्यातून निघताना वेदनाशामक किती दिवस, ते संपल्यावर पुढे काय, आणि रात्री अपरात्री दुखायला लागलं तर कोणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून घ्या.